प्रत, नाव आणि अधिकार : उजनीकाठच्या लोकमतातून प्रताधिकाराचा विचार

प्रताधिकार हा विषय मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आला तर तो प्रकाशनव्यवहाराच्या एखाद्या प्रकरणात येतो आणि बहुधा तेथेच संपतो. वर्गातील व्यवहार मात्र त्याच्या कितीतरी पुढे गेला आहे. नेमलेली कादंबरी दुकानात मिळाली नाही की तिची पीडीएफ प्रत वर्गाच्या व्हॉट्सअॅप समूहावर येते. कित्येकदा ती पाठविणारा अध्यापकच असतो. या व्यवहाराविषयी सामान्य माणसाला काय वाटते आणि त्या मताचा आपल्या वाङ्मयीन परंपरेशी व प्रचलित कायद्याशी कोणता संबंध आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. उजनी धरणाकाठच्या करमाळा व माढा तालुक्यांतील गावांमधून येणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्याशी वेळोवेळी झालेले बोलणे हा या लेखाचा आधार आहे. हे सर्वेक्षण नव्हे, याची येथे नोंद केली पाहिजे.

या बोलण्यात तीन मते पुन्हा पुन्हा ऐकू येतात. पहिले मत असे, की प्रत घेतल्याने मूळ वस्तू कमी होत नाही, म्हणून ती चोरी नव्हे. हे मत याच भागात इतक्या ठामपणे मांडले जावे, हे स्वाभाविक आहे. कालव्याचे पाणी मधेच कोणी उचलले की टेलच्या शेतकऱ्याचे पीक वाळते, हे येथे प्रत्येकाने पाहिले आहे. चोरीची कल्पना पाण्यावरून घडलेल्या माणसाला, घेऊनही जे शिल्लक राहते त्याची चोरी कशी होते, हे उमगत नाही. दुसरे मत उपलब्धतेचे आहे : गावात पुस्तकाचे दुकान नाही, चित्रपटगृह नाही, मग घ्यायचे कोठून? तिसरे मत सहसा विचारल्यावाचून बाहेर येत नाही. परंतु तेच सर्वांत तीव्र असते. ते नावाविषयी आहे.

दुसऱ्या मताचे ठळक उदाहरण ‘सैराट’चे. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, आणि चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरणही याच परिसरातले. २९ एप्रिल २०१६ रोजी तो प्रदर्शित झाला आणि अल्पावधीतच त्याच्या अनधिकृत प्रती मोबाइलच्या दुकानांतून मिळू लागल्या. त्या काळी दुकानदाराला कार्ड देऊन ते ‘भरून घेण्याची’ पद्धत होती. त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून स्वस्त इंटरनेट आले आणि दुकानदाराचीही गरज उरली नाही. ‘आपल्या माणसाचा’ चित्रपट म्हणून अभिमान बाळगणारे प्रेक्षक तो अनधिकृत प्रतीवर पाहत होते, आणि या दोहोंत त्यांना विसंगती वाटत नव्हती.

तिसऱ्या मताचा प्रत्यय मला एका विद्यार्थिनीमुळे आला. तिने आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित करून नातेवाइकांना पाठविल्या. काही महिन्यांनी तेच ध्वनिमुद्रण एका अनोळखी व्यक्तीच्या नावाने तिच्याकडे परत आले. ओव्या दूरवर गेल्या याचे आजीला दुःख नव्हते. “ओवी काय सगळ्यांचीच, पण आवाज माझा अन् नाव त्याचं कसं?” एवढाच तिचा प्रश्न होता. प्रतींच्या बाबतीत उदार असलेले लोकमत नावाच्या बाबतीत इतके कठोर का असावे?

याचे उत्तर आपल्या भाषेत व परंपरेत सापडते. मराठीत कॉपीराइटसाठी ‘स्वामित्वहक्क’ व ‘प्रताधिकार’ असे दोन शब्द रूढ आहेत. पहिल्यात मालकीवर भर आहे, दुसऱ्यात प्रत करण्याच्या अधिकारावर. ‘चौर्य’ हा शब्द मात्र मराठीने वेगळ्याच अपराधासाठी राखून ठेवला : दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावावर खपविणे म्हणजे वाङ्मयचौर्य. मुद्रणपूर्व काळात पोथी उतरवून घेणे हे पुण्यकर्म होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या प्रतीच्या अखेरीस त्यांनी दिलेला इशारा नक्कल करणाऱ्याला नाही. मूळ ग्रंथात पदरची ओवी घुसडणाऱ्याला आहे. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा हीसुद्धा मालकीची नव्हे, तर कर्तृत्वाची व उत्तरदायित्वाची खूण आहे. नामदेव-तुकारामांच्या गाथांमधील प्रक्षिप्त रचनांचा निर्णय करताना संशोधकांना जे श्रम पडले, ते या खुणेचा गैरवापर झाल्यामुळेच. आज समाजमाध्यमांवर कोणताही खुसखुशीत मजकूर पु. ल. देशपांडे यांच्या नावावर फिरतो, तेव्हा प्रक्षेपाची तीच जुनी समस्या नव्या यंत्रातून आपल्यापुढे येते.

आता कायद्याकडे वळू. प्रताधिकार अधिनियम १९५७ चा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. या कायद्याचा मूळ शब्द चोरी नसून ‘उल्लंघन’ हा आहे. म्हणजे लोकमताच्या पहिल्या हरकतीत काही तथ्य आहे. तथापि उल्लंघन हाही अपराधच असून कलम ६३ प्रमाणे त्याला सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. कलम ५७ लेखकाला दोन विशेष अधिकार देते : कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा आणि तिची प्रतिष्ठाहानी करणारी मोडतोड रोखण्याचा. आर्थिक हक्क विकल्यानंतरही हे अधिकार लेखकापाशीच राहतात. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ख द्वारे असेच अधिकार सादरकर्त्या कलावंतालाही दिले. परंपरागत ओवीच्या शब्दांवर त्या आजीचा प्रताधिकार नसेल, परंतु तिच्या गायनाशी तिचे नाव जोडले जावे ही मागणी कायद्याच्या भूमिकेशी जुळणारी आहे. गी पॉइटवँ व हेमा राईरकर यांच्या प्रेरणेने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर प्रकाशित होत आहेत. तेथे गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव दिले जाते, हा आदर्श ध्यानात घेण्याजोगा आहे.

कायद्याचा आर्थिक भाग मात्र लोकमताला पटलेला नाही. छापील पुस्तक वाचताना नवी प्रत निर्माण होत नाही. पडद्यावर वाचताना यंत्राला क्षणभर का होईना प्रत करावीच लागते. अशा तात्पुरत्या, आनुषंगिक साठवणीला कायद्यात सूट आहे. संपूर्ण पुस्तक शेकडो जणांना कायमचे वाटण्याला ती लागू होत नाही. ‘कमी होत नाही’ या युक्तिवादाला उत्तरही उजनीकाठीच मिळते. १९८० मध्ये पूर्ण झालेले हे धरण करमाळ्याच्या पावसावर भरत नाही. ते भरते वरच्या अंगाला, पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाने. काठावरच्याला भरलेला जलाशय दिसतो, तो दूरचा पाऊस दिसत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींच्या आसपासची असते. तिच्या विक्रीवरच पुढचे पुस्तक अवलंबून असते. एक प्रत घेतल्याने जलाशय आटत नाही हे खरे, पण वरचा पाऊस थांबला तर तो भरणारही नाही.

उपलब्धतेच्या प्रश्नावर कायदा सर्वस्वी निरुत्तर नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांसाठी खुले होते. साने गुरुजींचे (मृत्यू १९५०) लेखन १ जानेवारी २०११ पासून, तर मर्ढेकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली कविता (मृत्यू १९५६) १ जानेवारी २०१७ पासून खुली आहे. अण्णाभाऊ साठे (मृत्यू १९६९) यांच्या साहित्यावरील अधिकार २०२९ च्या अखेरपर्यंत राहील. कलम ५२ अन्वये शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रत उल्लंघन ठरत नाही. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा उदार अर्थ लावला. परंतु तो खटला अभ्यासक्रमासाठी केलेल्या उताऱ्यांच्या संचाविषयी होता. त्याच्या आधारे विक्रीस असलेली आख्खी कादंबरी खुल्या समूहावर टाकता येईल, असे मानणे धाडसाचे ठरेल.

तात्पर्य, उजनीकाठचे लोकमत अज्ञानाचे नसून अर्धे आहे. आणि जे अर्धे त्याच्यापाशी आहे ते आपल्या परंपरेचे सत्त्व आहे. नावाविषयीची ही निष्ठा हाताशी धरूनच विद्यार्थ्याला श्रमाच्या मोबदल्यापर्यंत नेता येईल. त्यासाठी आरंभ अध्यापकाने स्वतःपासून केला पाहिजे. पाठविलेल्या प्रत्येक उताऱ्यावर लेखक, ग्रंथ, प्रकाशक व आवृत्ती लिहावी. खुले झालेले साहित्य निःसंकोच वाटावे. आणि जे खुले नाही त्याच्या चार प्रती महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने विकत घ्याव्यात असा आग्रह धरावा. ग्रंथालयात प्रत नसताना विद्यार्थ्याला चोर म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.