ठेवलेलं इंजिनच बिघडतं

लखनौच्या गोमती नगरात गवताला तोटा नाही. लखनौ विकास प्राधिकरणाने १९८०च्या दशकापासून वसवलेल्या या भागात विराम, विपुल, विनय, विशाल अशा नावांचे खंड आहेत. त्यांत घरांपुढच्या हिरवळी आहेत, गल्लीगल्लीतल्या छोट्या बागा आहेत आणि २०१४ साली खुलं झालेलं ३७६ एकरांचं जनेश्वर मिश्र पार्कही आहे. जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की सप्टेंबरअखेरपर्यंत हरळी आवरत नाही आणि ग्रास कटरला उसंत मिळत नाही. पुढे थंडी पडते, गवताची वाढ जवळजवळ थांबते आणि यंत्र कोपऱ्यात जातं. कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांतही थोड्या फरकाने हेच चालतं. दिवाळीच्या सुमारास रान साफ झालं की कटर पुढच्या पावसापर्यंत भिंतीला टेकतो. मग गरज पडते त्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, तरी इंजिन ढिम्म. ‘इंजिन झिजलं’ किंवा ‘मालच हलका निघाला’ असं म्हणून लोक मोकळे होतात. पण धडधाकट अवस्थेत ठेवलेलं यंत्र काही महिन्यांनी बंद पडलेलं आढळलं, तर दोष झिजेचा कसा असेल? उभ्या इंजिनात काहीच झिजत नाही. बिघडतं ते त्यात राहिलेलं पेट्रोल, आणि त्याच्या संगतीने कार्बोरेटर.

हे समजायला आधी इंजिन पाहावं लागेल. ग्रास कटर चालवताना तो डावी-उजवीकडे झुलतो, उतारावर तिरका होतो. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो. तो सरळ उभ्या गाडीत ठीक, तिरक्या यंत्रात निरुपयोगी. म्हणून इथे फ्लोटऐवजी डायफ्राम, म्हणजे कागदासारखी पातळ आणि लवचीक चकती असते. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खालीवर होताना क्रँककेसमधला दाब कमीजास्त होतो. त्या ठोक्यांवर एक डायफ्राम हलतो आणि टाकीतून पेट्रोल खेचतो; दुसरा डायफ्राम एक चिमुकली तरफ दाबून हवं तेवढंच पेट्रोल पुढे सोडतो. तिथून पेट्रोल ज्या छिद्रांतून जातं, त्यांतली काही टाचणीच्या टोकाहूनही बारीक असतात. अशा कार्बोरेटरचे चार स्क्रू काढून झाकण उघडलं की दुखणं डोळ्यांना दिसतं. चांगला डायफ्राम मऊ आणि सपाट असतो, बोटाने दाबला की दबतो. खराब झालेला ताठर, सुरकुतलेला असतो आणि त्याच्याभोवती पिवळट चिकट थर बसलेला असतो. हा थर शिळ्या पेट्रोलचा. पेट्रोलमधली हलकी द्रव्यं उडून गेली की इंजिन लवकर पेट घेत नाही, आणि मागे राहिलेला डिंकासारखा साका ती छिद्रं बुजवतो.

त्यात गेल्या काही वर्षांत पेट्रोल बदललं. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भारतात फेब्रुवारी २०२३मध्ये विक्रीला आलं आणि आता ते देशभर मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं. शिवाय ते जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. म्हणजे पूर्वीच्या पेट्रोलसाठी लावून ठेवलेल्या कार्बोरेटरमधून येणारं नवं इंधन हवेच्या मानाने अपुरं पडतं आणि इंजिन अधिक तापतं. अनेक कटरांच्या जुन्या पुस्तिकांमध्ये १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल नको असं छापलेलं आहे. त्यामुळे यंत्र घेताना ते २० टक्के मिश्रणाला चालतं का, हे पुस्तिकेत पाहणं आता चोखंदळपणाचं नव्हे, गरजेचं आहे.

यावर कोणी म्हणेल की हेच पेट्रोल लाखो मोटरसायकलींत रोज पडतं, त्या धावतातच ना? धावतात, पण रोज धावतात म्हणूनच. त्यांच्या टाकीतलं पेट्रोल आठ-पंधरा दिवसांत संपतं. ते शिळं व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम आल्यावर बहुतेक दुचाकींत इंजेक्शनची यंत्रणा आली. तिचा सेन्सर सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रण आपोआप जुळवून घेतो. कटरच्या कार्बोरेटरला अशी जाण नसते. आणि सगळा दोष इथेनॉलवर ढकलणंही बरोबर नाही. पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं ही भीती खरी असली तरी घट्ट झाकणाच्या टाकीत ते सहजासहजी घडत नाही; उलट इथेनॉल जितकं जास्त, तितकं जास्त पाणी ते वेगळं न होता सामावून घेतं. शुद्ध पेट्रोलसुद्धा महिनोन्महिने ठेवलं तर साका धरतंच. मूळ दोष ठेवण्याचा आहे, इथेनॉलने तो लवकर उघडा पाडला एवढंच.

जुन्या स्कूटरवाल्यांना ही गोष्ट हाताला ठाऊक होती. आकुर्डीच्या चेतकप्रमाणे लखनौचीही स्वतःची टू-स्ट्रोक स्कूटर होती. इटलीच्या लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री घेऊन १९७२ साली स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीची विजय सुपर. या स्कूटरींना पेट्रोलचा कॉक असे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळून जाऊ देण्याची रीत होती. बहुतेक कटरांना कॉक नसतो, म्हणून तेच काम हाताने करावं लागतं. महिनाभर यंत्र लागणार नसेल तर टाकी रिकामी करावी, इंजिन सुरू करून ते आपणहून बंद पडेपर्यंत चालू द्यावं. ते गार झालं की प्लग काढून सिलिंडरमध्ये टू-टी ऑइलचे चार थेंब सोडावेत, दोरी दोन-तीनदा हलके ओढून प्लग परत बसवावा. काही मिस्त्री म्हणतात, कोरडा ठेवला की डायफ्राम कडक होतो. पण ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा पातळ तेलकट थर आत राहतोच, आणि नामांकित कंपन्यांच्या पुस्तिकाही कार्बोरेटर कोरडा करायलाच सांगतात. ओला ठेवला तर डायफ्राम एकमेकांना चिकटतात.

दुसरा सोपा नियम पेट्रोल आणि ऑइलच्या मिश्रणाचा. ५०ला १ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, २५ला १ म्हणजे ४० मिली. यांतलं कोणतं, ते पुस्तिका सांगते. ‘जरा जास्त घातलं तर बरंच’ ही समजूत महागात पडते, कारण जादा ऑइल पूर्ण जळत नाही, प्लग काळा-ओला करतं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साठवतं. कमी पडलं तर पिस्टन जाम. महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करावं. फोर-स्ट्रोक कटरमध्ये ऑइल वेगळं भरतात; त्यात काही मॉडेलांत जेमतेम १०० मिली ऑइल मावतं, म्हणून त्याची पातळी दर वेळी पाहावी लागते. कार्बोरेटर रिकामा करण्याचा नियम मात्र त्यालाही लागू. एअर फिल्टर आणि सिलिंडरच्या पाकळ्या साफ ठेवणं हे काम चालू असतानाचं, आणि उत्तर प्रदेशच्या मे-जूनच्या धुळीत ते टाळून चालत नाही.

एवढा खटाटोप कशाला, मिस्त्री आहेच की, हा आक्षेप उरतो. पण बंद कटर समोर आला की पुष्कळदा आधी प्लग बदलला जातो, मग कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले जातात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अर्धवट बुजलेल्या छिद्रातून पेट्रोल कमी येतं आणि त्यासोबतचं ऑइलही. असं इंजिन कसंबसं सुरू करून रेटलं तर स्वस्तातली साफसफाई पिस्टन-सिलिंडरच्या खर्चावर जाते. घरोघरी फिरणाऱ्या माळ्याचा तर त्या दिवसाचा रोजही बुडतो. बॅटरीचा कटर हे एक उत्तर आहे, आणि घरापुढच्या चार हात हिरवळीला ते चांगलं उत्तर आहे. मोठ्या बागेत किंवा कोकणातल्या कमरेएवढ्या रानात दिवसभराचं काम अजून पेट्रोलकडेच आहे. आणि लिथियम बॅटरीही पूर्ण उतरलेली, उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत ठेवली तर खराब होतेच. म्हणून वसाहतींच्या समित्यांनी, बागायतदारांनी सर्व्हिसिंगची तारीख हंगामाच्या सुरुवातीला न ठेवता शेवटी ठेवावी, आणि टाकी रिकामी करण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लावावी. यंत्र अनेकांच्या हाती फिरतं तेव्हा ते चालवायला सगळे असतात. ठेवायला कोणी नसतं, आणि बिघाड तिथेच सुरू होतो.