वखारीतले सुके लाकूड आणि पावसाळ्यातली उचल



लोधिवली परिसरातील वाड्यांवर आपण झाडांची छाटणी आणि जळाऊ लाकडाच्या कामाला हातभार लावतो, हे ऐकून काही मंडळींतून प्रश्न आला, "म्हणजे संस्था जंगलतोडीला पैसे देते का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर 'नाही' असे आहे. पण हा धंदा कसा चालतो आणि तुमची देणगी त्यात नेमकी कुठे कामी येते, हे समजल्याशिवाय त्या उत्तराने समाधान होणार नाही. म्हणून हा लेख.

कुऱ्हाड कोणाची, कर्ज कोणाचे

खैराच्या गाभ्यापासून कात काढणारे ते कातकरी. मुंबईत सेवा केलेले मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८४३ साली वारली व काथोडी या जमातींवर लेख प्रसिद्ध केला. त्यातले काथोडी म्हणजेच आपले कातकरी. पुढे जंगलावर निर्बंध आले, काताचा धंदा गेला, हाती कुऱ्हाड राहिली. ती कोळशाच्या भट्टीवर चालू लागली. आज कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी ही राज्यातील विशेष दुर्बल आदिवासी जमात मानली जाते.

भट्टीचा हिशेब असा असतो. पावसाळ्यात लावणी संपली की हाताला काम नसते. घरातले तांदूळ संपतात, मूल आजारी पडते. अशा वेळी भट्टीवाला किंवा त्याचा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर नवरा, बायको व मुले ती फेडायला कोळसा भट्टीवर नाहीतर वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मुलांची शाळा तिथेच सुटते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असले कर्ज रद्दबातल ठरवले आहे. पण कायदा श्रावणात चूल पेटवत नाही. म्हणून पावसाळ्यातच घरात पैसा येईल असे काम शोधणे भाग होते.

लाकूड कुठून येते

कर्जत-खालापूर भागात फार्महाऊस, आमराया, शाळा, कारखाने आणि आपल्या चर्चची आवारे आहेत. घरावर झुकलेली फांदी, पोखरलेला गुलमोहर, वाऱ्यात मोडणारा विलायती शिरीष यांची छाटणी पावसाआधी करावीच लागते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात किती झाडे घरांवर व तारांवर पडली, हे अनेकांना आठवत असेल. हे काम करणारा माणूस लागतोच. मालक छाटणीची मजुरी देतो आणि बहुतेक वेळा लाकूडही घेऊन जा म्हणतो. तेच लाकूड वखारीत येते. जंगलातले एकही उभे झाड आम्ही घेत नाही.

आधी कागद, मग कुऱ्हाड

आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, ऐन, किंजळ, खैर अशी झाडे खाजगी जमिनीत असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानुसार ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. खोपोली किंवा कर्जतसारख्या नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा कायदा लागू होतो आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. लाकूड गाडीतून न्यायचे तर वाहतूक परवान्याचे वनखात्यात आधी विचारावे लागते. वखारीत आरा मशीन बसवायची नाही, कारण त्याला वेगळा परवाना लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात काटक्याकुटक्या व बुंधे हे गौण वनोपज धरले आहे. त्यामुळे हक्क असलेल्या आदिवासी बाईची डोक्यावरची मोळी ही चोरी नव्हे. पण मोळी वेगळी आणि टेम्पो वेगळा, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. अडवले गेले तर मालक सुटतो आणि कातकरी अडकतो. म्हणून परवानगी मालकाने आपल्या नावाने काढायची आणि तिची प्रत गटाला द्यायची, हा नियम ठेवला आहे.

झाडावर चढण्याआधी

लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजाऱ्याला लागते, असा प्रसंग अनुवादाच्या १९ व्या अध्यायात आला आहे. देवाच्या नियमशास्त्रात या कामाच्या धोक्याची दखल आहे, तर आपण ती घेतलीच पाहिजे. हेल्मेट, कमरपट्टा व दोरखंडाशिवाय कोणी चढत नाही. खाली एक जण फक्त माणसे दूर ठेवायला उभा असतो. तारेजवळचे काम महावितरणने लाइन बंद केल्याशिवाय सुरू होत नाही.

मोठी फांदी तीन घावांत उतरवतात. पहिला घाव खोडापासून हातभर अंतरावर, खालून, अर्ध्याहून कमी. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी साल न सोलता खाली येते. उरलेला खुंट तिसऱ्या घावाने काढायचा, पण फांदी जिथून फुटते तिथला फुगवटा राखून. तो फुगवटाच जखम भरून काढतो. खोडाला चिकटून छाटले तर झाड आतून कुजते आणि लांब खुंट ठेवला तरी कुजते. आंब्या-काजूच्या जखमेवर बोर्डोपेस्ट लावतात. नीट छाटलेले झाड जगते आणि पुढच्या काही वर्षांनी पुन्हा काम देते.

ओल्याचे सुके होईपर्यंत

ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. असे १०० किलो लाकूड फोडून, जमिनीपासून उंच व हवा खेळेल असे रचून नीट वाळवले, तर साधारण ६० किलो उरते. ओले विकले तर आज जास्त वजन भरते, पण गिऱ्हाईकाच्या चुलीत नुसता धूर होतो. खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रांच्या ११ व्या अध्यायाने दिलेला इशारा इथेही लागू पडतो. म्हणून गट सुकेच विकतो आणि डोळ्यांसमोर तोलून देतो.

दिवाळीनंतर फोडलेले लाकूड उन्हाळाभर वाळते आणि पत्र्याखाली ठेवले की पावसाळ्यात कोरडे राहते. त्या दिवसांत सुके सरपण मिळत नाही, त्यामुळे भाव चांगला येतो. म्हणजे ज्या महिन्यांत उचल घेतली जात होती, नेमक्या त्याच महिन्यांत वखार पैसे देते.

पण एका मावशींनी पहिल्याच बैठकीत अडचण बोलून दाखवली, "ताई, आधी पैसे अन् मग काम हे आम्हाला ठावं हाय. आधी काम अन् आषाढात पैसे, तवर खायचं काय?"

तुमची देणगी इथे येते. ती दान म्हणून वाटली जात नाही. लाकूड फोडणाऱ्यांची आणि रचणाऱ्यांची मजुरी रोजच्या रोज देण्यासाठी तो फिरता निधी आहे. पावसाळ्यात माल विकला की रक्कम निधीत परत येते. उरलेल्यातून कटरचे पेट्रोल, चेन, कानस यांचा खर्च वजा करून शिल्लक गटात वाटली जाते. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, ही अनुवादाच्या २४ व्या अध्यायातील आज्ञा आमच्या हिशेबाच्या वहीचा पहिला नियम आहे. हजेरी बायकांची वेगळी आणि त्यांच्याच नावाने लिहिली जाते.

हा धंदा सर्वांना पुरणार नाही आणि कायम असाच राहणार नाही. मुंबईतील बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधन वापरावे यासाठी उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुदत घालून दिली. ढाब्यांवरही गॅस वाढतो आहे. म्हणून तरुणांनी सरपणापेक्षा छाटणीचे कसब शिकावे, यावर आमचा भर आहे. झाडे आहेत तोवर ते काम राहील.

आपल्याकडून तीन गोष्टींची विनंती आहे. आपल्या आवारातील छाटणी पावसाच्या तोंडावर नव्हे, दिवाळीनंतर लगेच सांगा, म्हणजे कुटुंबे भट्टीवर जाण्याआधीच त्यांच्या हाती काम येईल. परवानगीचा कागद आधी काढून ठेवा. आणि मजुरी त्याच दिवशी द्या.

प्रार्थनेत आठवण ठेवा: उंचावर काम करणाऱ्यांचे रक्षण व्हावे, गटात हिशेबावरून फूट पडू नये आणि यंदा दिवाळीनंतर वाडीवरची मुले शाळेच्या पटावरच नव्हे, वर्गातही दिसावीत.

प्रभूच्या सेवेत,
आपली भगिनी