स्मरणचित्र की घोकलेले चित्र?

शासकीय रेखाकला परीक्षेत ‘स्मरणचित्र’ नावाची एक प्रश्नपत्रिका असते. बाजार, जत्रा असा एखादा विषय द्यावा आणि मुलाने आपल्या डोळ्यांनी टिपलेले कागदावर उतरवावे, ही त्यामागील मूळ कल्पना. कल्पना उत्तमच आहे; प्रत्यक्षात मात्र अनेक वर्गांत घडते ते निराळेच. पुस्तिकेतील चार-पाच तयार प्रसंग मुलांकडून गिरवून घेतले जातात आणि परीक्षेत येईल त्या विषयाला त्यांपैकी एखादा जोडून दिला जातो. कोकणातल्या मुलाच्या आणि मराठवाड्यातल्या मुलीच्या कागदावर मग तेच दोन त्रिकोणी डोंगर आणि तोच मधून उगवणारा सूर्य! हेही स्मरणच, पण पाहिलेल्याचे नव्हे, घोकलेल्याचे.

याचा दोष एकट्या चित्रकला शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. रेखाकला परीक्षेतील श्रेणीला दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांचे लक्ष कुंचल्यापेक्षा गुणपत्रिकेकडे अधिक. शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर कलेला विषयाचे स्थान द्यावे, असे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सुचविले. तरीही वार्षिक परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला देण्याची रीत काही सुटत नाही.

वारली चित्रांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लग्नप्रसंगी वारली स्त्रिया तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक रेखाटीत. जिव्या सोमा मशे यांनी तेच त्रिकोण, तीच वर्तुळे घेऊन आपल्या भोवतीचे शेत, जाळे, जंगल कागदावर आणले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. शाळांनी त्यातून उचलला तो केवळ तारप्याचा नाच, आणि तोही नकलेपुरता. भोवताल पाहण्याची त्यांची दृष्टी तेवढी मागे राहिली!

वस्तुतः यासाठी पैसा फारसा लागत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांनी पाने वेचून त्यांचे ठसे उमटवावेत. पाचवी-सहावीच्या मुलांनी शाळेजवळचे एकच झाड दर महिन्याला काढावे, म्हणजे पानगळ आणि पालवी हाताला कळेल. नववीच्या वर्गाने आठवडी बाजारात बसून रेखाटने करावीत आणि त्यांतून एक भिंत मिळून रंगवावी. गेरू, खडू आणि पाठकोरे कागद एवढे साहित्य पुरे.

परीक्षकांनीही सफाईदार नकलेपेक्षा ओबडधोबड पण स्वतः पाहिलेल्या चित्राला अधिक गुण द्यावेत. सगळीच मुले चित्रकार होणार नाहीत, हे खरे. परंतु स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याची सवय ज्या शाळेत लागत नाही, तेथे इतर विषयांतही घोकंपट्टीच माजेल.