पाऊस घाटात, पूर गावात

जुलैतल्या एखाद्या दुपारी हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज उघडला, तर पुणे जिल्हा त्यात दोनदा भेटतो. एकदा ‘पुणे’ म्हणून आणि एकदा ‘पुणे घाट परिसर’ म्हणून. पहिल्यासमोर बहुधा हिरवा किंवा पिवळा रंग असतो, दुसऱ्यासमोर नारिंगी, कधी लाल. सातारा, कोल्हापूर, नाशिक यांचंही तसंच. जिल्हा एक, कलेक्टर एक, अंदाज मात्र दोन. ही फोड अलीकडची. पूर्वी ‘पुणे जिल्ह्यात अतिवृष्टीचा इशारा’ असं एकच वाक्य यायचं आणि इंदापूर-बारामतीचा शेतकरी कोरड्या आभाळाकडे बघत वेधशाळेच्या नावानं बोटं मोडायचा. त्याच दिवशी ताम्हिणीत तो अंदाज शब्दशः खरा ठरलेला असायचा.

जिल्ह्याची हद्द महसूल खात्यानं आखली, पावसाची हद्द सह्याद्रीनं. रोजचा स्थानिक अंदाज या दोन नकाशांच्या ओढाताणीतून तयार होतो.

ऐंशी किलोमीटरांत दोन देश

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून एकोणीस-वीस किलोमीटरवर पाचगणी. तिथं तो जेमतेम एक तृतीयांश उरतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की आकडा सात-आठशेवर येतो, आणि फलटण-दहिवडीकडे पाचशेच्या घरात. महाबळेश्वर ते फलटण हे सरळ रेषेतलं अंतर साधारण ऐंशी किलोमीटर. एवढ्यात भाताचा मुलूख संपून बाजरीचा सुरू होतो.

कारण शाळेच्या भूगोलात येऊन गेलेलं आहे. अरबी समुद्रावरचे वारे हजार मीटरच्या भिंतीला धडकून वर चढतात, थंड होतात, बाष्प टाकतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. शाळेत सांगत नाहीत ती गोष्ट पुढची आहे. पाऊस किती आणि नेमका कुठं, हे वाऱ्याच्या वेगावर आणि दिशेवर ठरतं. वारा मंद असेल तर तो भिंतीशी अडतो आणि पाऊस कोकणातच कोसळतो. वारा जोरकस, पश्चिमेकडून थेट काटकोनात आला, तर ढग माथा गाठतात आणि काही सरी मावळातही ओसंडतात. असा जोर कधी येतो? बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन मध्य भारताकडे सरकलं की ते इकडचे वारे ओढून घेतं. गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा असेल, तर त्यात भर पडते.

म्हणजे घाटाचा अंदाज हा बराचसा वाऱ्याचा अंदाज असतो, आणि वारा दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी कळतो. दहिवडीकडच्या कोरड्या माणदेशात गणित उलटं आहे. तिथला बराच पाऊस वळवाचा, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या परतीचा. सोलापूरला तर सर्वाधिक पावसाचा महिना सप्टेंबर. हा पाऊस दुपारच्या तापलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या एकेका ढगाचा असतो. एका शिवारात ताली भरतात, शेजारच्या शिवारात धूळ उडते. कोणत्या शिवाराची पाळी, हे आदल्या दिवशी जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. घाटात पाऊस येणार हे पक्कं असतं, प्रश्न ‘किती’चा. सपाटीवर प्रश्न ‘कुठं’चा. दोन्हींना एकाच फूटपट्टीनं मोजलं की वेधशाळा खोटी वाटू लागते.

सिमला ऑफिसपासून

भारतीय हवामान खातं 1875 मध्ये स्थापन झालं, तेही धक्के खाऊन. 1864 च्या चक्रीवादळानं कोलकाता उद्ध्वस्त केलं होतं आणि त्यानंतर दुष्काळ आले होते. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून 1886 मध्ये पावसाळ्याचा पहिला हंगामी अंदाज दिला. खात्याचं मुख्यालय कोलकात्याहून सिमल्याला आणि 1928 मध्ये पुण्याला आलं. 1944 मध्ये ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरची इमारत आणि तिच्यापुढचा चौक पुणेकरांच्या तोंडी ‘सिमला ऑफिस’च राहिला. 1932 मध्ये इथंच कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. एल. ए. रामदास यांनी तो वाढवला. 1945 पासून शेतकऱ्यांसाठीचं हवामानपत्रक आकाशवाणीवरून ऐकू येऊ लागलं.

या सगळ्या काळात अंदाजाचं एकक प्रचंड होतं: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मुसळधार’ या वाक्यात महाबळेश्वरही बसायचं आणि म्हसवडही. जिल्ह्याच्या पातळीवरचे पाच दिवसांचे अंदाज आणि त्यांवर आधारलेला मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला 2008 नंतर आला. घाट वेगळा काढणं ही त्याच्याही पुढची पायरी.

डोंगर यंत्राला दिसत नाही

अंदाज बारीक करायचा तर आधी पाऊस बारकाईनं मोजावा लागतो. रोज सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस नोंदला जातो. पण पर्जन्यमापक असतो तो माणसाला पोहोचता येईल तिथं, म्हणजे गावात, धरणावर, तहसील कचेरीत. ऐन कड्यावर कुणी नसतं. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभी राहिली, ढोबळमानानं महसूल मंडळाला एक. सपाटीवर ते निदान बरं आहे. मुळशी-वेल्ह्यासारख्या तालुक्यात एकाच मंडळाच्या पश्चिम टोकाला आणि पूर्व टोकाला दोन वेगळे पावसाळे असतात.

रडारची अडचण वेगळीच. त्याचा किरण सरळ जातो, पृथ्वी वाकत जाते. त्यामुळे दूरवर गेलेला किरण जमिनीपासून उंच उठलेला असतो. त्यात मध्ये डोंगर आला की पलीकडचं खालचं आभाळ झाकलं जातं. आणि जुलैतले घाटातले ढग उंच नसतात. विजांचा फारसा गडगडाट न करता, बुटके ढगच तासन्‌तास धार धरतात. हे ढग जवळून अभ्यासण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 2012 मध्ये महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटर उंचीवर, ढगांची प्रयोगशाळा सुरू केली. पावसाळ्यात तिथं ढग खिडकीतूनच आत येतो. वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर याच संस्थेनं रडारही बसवलं.

तिसरी अडचण संगणकाची. प्रारूप आभाळाचे चौकोन पाडून गणित करतं. आपल्याकडे हा चौकोन बराच काळ 12 किलोमीटरचा होता. सह्याद्रीचा कडा काही ठिकाणी पायथ्यापासून माथ्यापर्यंत चार-पाच किलोमीटरांतच उभा राहतो. तो अख्खा एका चौकोनात मावतो, त्याची सरासरी निघते, आणि यंत्राच्या लेखी कड्याची टेकडी होते. बुटक्या डोंगरावर पाऊसही बुटकाच पडणार. मे 2025 मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’नं हे अंतर 6 किलोमीटरवर आणलं; तीही याच पुणेरी संस्थेची निर्मिती. यानं घाटाचा उठाव अधिक खरा दिसतो. सपाटीवरच्या एकेका ढगाचं कोडं मात्र केवळ चौकोन लहान केल्यानं सुटत नाही. तिथं तीन तासांपुरता तात्कालिक अंदाज आणि विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप हेच जास्त कामाचे.

यंत्रं वाढत असताना माणसांची साखळी मात्र तुटली. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कृषी विज्ञान केंद्रांत हवामानाचा सल्ला देणारे 199 कक्ष उभे राहिले होते. 2024 मध्ये ते बंद झाले. आकडा मोबाइलवर येतो, पण ‘मग फवारणी उद्या करू की परवा?’ याचं उत्तर द्यायला ओळखीचा माणूस लागतो.

लाल रंग कुणासाठी?

खात्याच्या परिभाषेत दिवसाला 64.5 मिलिमीटरपासून ‘मुसळधार’, 115.6 पासून ‘अतिमुसळधार’ आणि 204.4 च्या पुढं ‘अत्यंत मुसळधार’. हे निकष देशभर एकच आहेत. घाटमाथ्यावर शंभर मिलिमीटर म्हणजे आषाढातला नेहमीचा दिवस, आटपाडीत तेवढ्यात ओढ्यावरचे पूल जातात. म्हणून नुसता रंग पुरेसा नाही. पाऊस कुठल्या उतारावर पडला, हेही वाचावं लागतं.

22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला; फलटणचा वर्षभराचा पाऊसही तेवढा नसतो. त्याच दिवशी कड्याखालच्या महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. 25 जुलै 2024 ची गोष्ट दुसऱ्या उताराची. ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर, वरसगावच्या पाणलोटातल्या लवासात साडेचारशेच्या पुढं, आणि पुण्यात शिवाजीनगरला 114. शहराचा स्वतःचा पाऊसही कमी नव्हता. पण सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीतल्या घरांत शिरलं ते खडकवासल्यातून सोडलेलं, डोंगरात पडलेलं पाणी. 2019 चा सांगली-कोल्हापूरचा महापूरही असाच कोयना, वारणा, पंचगंगेच्या उगमाकडून आला.

इथंच वाचकाची सवय बदलायला हवी. ‘पुणे घाट: लाल’ हा इशारा शहरातला माणूस सहलीला जाणाऱ्यांसाठीचा समजतो आणि ‘पुणे: पिवळा’ बघून निश्चिंत होतो. वास्तविक नदीकाठच्या माणसासाठी घाटाचाच अंदाज आधी वाचायचा असतो. सांगलीत ऊन असलं तरी कोयनेच्या पाणलोटातल्या नवजाचे आणि महाबळेश्वरचे आकडे बघायचे असतात. धरणावरचे अभियंते, काठचे जुने शेतकरी हेच करत आले आहेत.

असा नदीनिहाय अंदाज सरकारदरबारी तयारही होतो. खात्याची पूर-हवामान कार्यालयं उपखोऱ्यांनुसार पावसाचे टप्पे ठरवतात, 26 ते 50 मिलिमीटर, 51 ते 100, त्याहून जास्त, आणि केंद्रीय जल आयोगाला कळवतात. कृष्णा-गोदावरीचं हे काम हैदराबादेतून चालतं. तोच आकडा मराठीत, खोऱ्याच्या नावानं, धरणाचा साठा आणि विसर्ग यांच्यासोबत रोज छापला, तर पुण्या-सांगलीतल्या माणसाला संध्याकाळी कळेल की गाडी तळमजल्यावरून हलवायची की नाही. त्यासाठी नवा उपग्रह लागत नाही. जिल्ह्यांच्या तक्त्याशेजारी नद्यांचा एक तक्ता लागतो.