अंबेकाठचे सेनानी आणि मुत्सद्दी

पेण-रोह्याकडे येणारी अंबा नदी खोपोलीच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते. तिथेच, चावणी गावाजवळ, उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सुभेदार शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान उत्तर कोकण काबीज करायला घाट उतरला आणि या खिंडीत सापडला. दोन्ही अंगांना दाट रान, मधे चिंचोळी वाट. शिवाजी महाराज आधीच दबा धरून बसलेले. बाणांचा आणि दगडांचा मारा सुरू झाला, मोगलांना पाणीही मिळेना. खानासोबत माहूरची सरदारीण रायबाघन होती. शरण जा, असे तिनेच त्याला सुनावले. त्या दिवशी मोगलांकडे मुत्सद्दी म्हणावी अशी ती एकटीच! खंडणी देऊन, सामानसुमान टाकून फौज जिवानिशी परतली. अरुंद खिंड आधी गाठा आणि शत्रूची वाट पाहा, हे चीनच्या वू राज्याचा सेनापती मानल्या जाणाऱ्या सुन त्झूचे सूत्र इथे न वाचताच अमलात आले.

मुत्सद्द्यांत रोह्याचे नाव चिंतामणराव देशमुखांमुळे. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले.