खिडकी उघडायची कोणी?

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. अशा वेधशाळेत एका माणसासमोर बरेच मॉनिटर असतात. तिथल्यासारखा हलता आलेख दाखवणारा प्रोग्राम लिहायला बसलं, की पहिली अडचण कळते: ओपनजीएल हे ग्राफिक्सचं साधन चित्र काढतं, खिडकी उघडत नाही. ते काम ऑपरेटिंग सिस्टिमचं, आणि विंडोज, लिनक्स, मॅक यांच्या तऱ्हा वेगळ्या. जीएलएफडब्ल्यूसारखी लायब्ररी तिघांशी परस्पर बोलून घेते.

जोडलेले मॉनिटर ती एकाच पटावर मांडलेले दाखवते. म्हणून मुख्य मॉनिटरच्या डावीकडच्या पडद्याच्या जागेसाठी उणे आकडे दिसले तर दचकू नये.

खरी गंमत कीबोर्डची. दाबलेलं बटण आणि उमटलेलं अक्षर या दोन निराळ्या घटना. खेळातलं पात्र पळवायला बटण पुरतं. पण मराठीत नाव टाइप करून घ्यायचं तर अक्षराचीच घटना ऐकावी लागते. इंग्रजीपुरतं लिहिणारे इथेच घोटाळा करतात.

या घटना लायब्ररीकडून मागून घ्याव्या लागतात. आलेख हलता असेल तर प्रोग्रामच्या दर फेरीला ‘काही आलं का?’ विचारायचं, पडदा स्थिर असेल तर घटना येईपर्यंत थांबायचं, प्रोसेसरला तेवढाच आराम. विचारायचंच राहिलं तर खिडकी गोठते आणि सिस्टिम ‘प्रतिसाद नाही’ म्हणून मोकळी होते.