सारखे दिसणारे बी, वेगळे निघणारे रोप

‘हत्ती’ म्हटले की मराठी कानाला सोंडेचा प्राणी आठवतो आणि कानडी कानाला कापूस. उच्चार एक, वस्तू दोन! बियाण्याचेही असेच आहे. मूठभर सरकी हातात घेतली तर त्यातली संकरित कोणती आणि साधी कोणती, हे मुरलेल्या शेतकऱ्यालाही नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

संकरित कापसाचे बी हातानेच तयार करतात. दुपारी मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग तिला लावायचे. हे नाजूक काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. धारवाडहून १९७२ साली आलेले ‘वरलक्ष्मी’ वाण याच पद्धतीचे. एखादी कळी नजरेतून सुटली, तर ती स्वतःच्याच परागाने फळते आणि त्या बोंडातली सरकी फक्त आईच्या वळणाची निघते.

प्रमाणित संकरित कापूस बियाण्यात किमान ९० टक्के शुद्धता लागते. ती तपासायची जुनी रीत म्हणजे नमुना शेतात पेरून पाने, फुले, बोंडे पाहायची. यात हंगाम जातो. तोवर माल गोदामात पडून राहतो आणि पुष्कळदा बीजोत्पादकाचे पैसेही अडकतात.

डीएनए चाचणीत हे काम काही दिवसांत होते. कोवळ्या पानातून डीएनए काढतात. त्यात काही ठिकाणी ठरावीक अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा, हे वाणागणिक बदलते. ज्या ठिकाणी आई-बाप वेगळे आहेत, तेच ठिकाण खूण म्हणून निवडतात. यालाच मार्कर म्हणतात. खऱ्या संकरित रोपात आई आणि बाप दोघांचेही पट्टे दिसतात. फक्त आईचा दिसला, तर कळी सुटली होती. भलताच पट्टा आला, तर परका पराग शिरला होता.

फुलांमध्येही याचा उपयोग होतो. शेवंती, म्हणजे कानडीतली सेवंतिगे, छाटे आणि मुनव्यांपासून वाढते. जुनेच वाण नव्या नावाने विकले, तर मार्कर ते उघडे पाडू शकतो. मात्र शेवंतीच्या एखाद्या फांदीला अचानक वेगळ्या रंगाची फुले येतात आणि त्यातूनच नवे वाण होते. असा बदल मार्करला बहुधा दिसत नाही. तिथे फूलच पाहावे लागते.

शेतकऱ्याने एवढे जरूर करावे: बियाण्याची पावती, पिशवीवरचे लेबल आणि त्याच पिशवीतले मूठभर बी पीक घरात येईपर्यंत जपून ठेवावे. तक्रारीची वेळ आली, तर तपासायला नमुना हाताशी हवा.